रसायनांची वाफ, कामगाराचे आरोग्य आणि भरपाईचा हक्क

बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला माणसांचे चेहरे एक वेळ आठवणार नाहीत, पण सह्या ध्यानात राहतात. काही वर्षांपूर्वी उमरी तालुक्यातीलच एक तरुण पैसे काढण्याची पावती घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. पावतीवरची सही नमुना सहीशी जुळेना. "जयभीम काका, पुन्हा करून देतो," म्हणून त्याने दोनदा सही केली, तरी अक्षर वाकडेच. मग हळू आवाजात म्हणाला, "काका, बोटांत जोरच राहिला नाही. पायाला मुंग्या येतात. पायातली चप्पल निघून पडते तरी कळत नाही."

चौकशी केल्यावर समजले, की तो एका मोठ्या शहरात बॅगा तयार करण्याच्या कारखान्यात तीन वर्षे होता. बंद खोलीत दिवसभर सोल्युशन लावून तुकडे चिकटवायचे, हे त्याचे काम. नसा कमजोर झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. आम्ही विचारले, "नियुक्तीपत्र? हजेरी कार्ड? पगाराची चिठ्ठी?" यांपैकी त्याच्याजवळ काहीच नव्हते. पगार रोख मिळायचा. बँकेत नवीन नमुना सही घेऊन त्याचे काम आम्ही करून दिले. पण गेलेल्या आरोग्याची भरपाई मागायला हातात एक कागदही नव्हता. आपल्या भागातील किती तरी मुले पुणे, मुंबई, हैदराबादकडे कामाला जातात. त्यांच्यासाठी हा लेखनप्रपंच.

द्रावक म्हणजे काय?

रंग, शाई, डिंक, ग्रीस विरघळवणारे आणि हवेत भराभर उडून जाणारे जे द्रव, त्यांना द्रावक किंवा सॉल्व्हंट म्हणतात. थिनर, रबर सोल्युशन, छपाईखान्यातील शाई पुसण्याचा द्रव, यंत्राचे सुटे भाग धुण्याचे रसायन हे सर्व याच जातीचे. त्यांची वाफ श्वासाबरोबर रक्तात जाते, काही द्रव कातडीतूनही शिरतात. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत खालच्या बाजूला साचते. म्हणून नुसता छताचा पंखा फिरवून भागत नाही. जेथे वाफ निघते तेथूनच ती ओढून बाहेर टाकणारा पंखा लागतो.

सगळ्या द्रावकांचा परिणाम सारखा नसतो. बेन्झीन हाडांतील मगजावर आघात करते, रक्त कमी होते आणि रक्ताचा कर्करोगही होऊ शकतो. काही सोल्युशनमध्ये असणारे हेक्झेन हातापायांच्या नसा निकामी करते. टोल्युइनमुळे डोके दुखते, चक्कर येते, दीर्घकाळ संपर्क आल्यास स्मरणशक्तीवर परिणाम होतो. मिथेनॉलने दृष्टी जाते. आरंभी जाणवतो तो फक्त वास, आणि काही दिवसांनी नाकाला त्याचीही सवय होते. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असे मुळीच नाही.

गूळ खाल्ला किंवा दूध प्याले की विष उतरते, हा समज चुकीचा आहे. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडीफार अडवतो, वाफ अडवत नाही. त्यासाठी खास कोळशाची डबी बसवलेला मुखवटा लागतो. थिनरने हात धुण्याची सवय तर तात्काळ सोडावी.

जपानमधील दोन उदाहरणे

आपल्याकडे अशा रोगांची नोंद फार क्वचित होते, म्हणून नोंद झालेली उदाहरणे पाहू. १९६० च्या दशकात जपानच्या मिए प्रांतात सँडल चिकटवणाऱ्या, बहुतांशी घरीच काम करणाऱ्या ९० हून अधिक कामगारांना हेक्झेनयुक्त सोल्युशनमुळे नसांचा विकार जडला. आमच्या काउंटरवर आलेल्या तरुणाची लक्षणे त्याच प्रकारची होती.

दुसरे उदाहरण ओसाका शहरातील एका छपाईखान्याचे आहे. तेथे शाई पुसण्यासाठी डायक्लोरोप्रोपेन नावाचे द्रावक भरपूर वापरले जाई आणि हवा खेळती नव्हती. तेथील तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग होऊ लागला, जो त्या वयात अगदी विरळा. शिंजी कुमागाई या संशोधकांनी कामगारांची माहिती गोळा करून २०१२ मध्ये हा प्रकार उजेडात आणला, आणि २०१३ मध्ये सरकारने तो कामामुळे झालेला रोग म्हणून मान्य केला. काहींनी नोकरी सोडून बरीच वर्षे झाली होती. कोण, कोठे, किती वर्षे आणि कोणत्या द्रवासोबत काम करत होते, हे सांगता आले म्हणूनच न्याय मिळाला.

आपला कायदा

आपल्या देशात १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने अपघाताबरोबरच व्यवसायजन्य रोगांनाही भरपाई दिली. कायद्याच्या परिशिष्टात अशा रोगांची यादी असून बेन्झीनमुळे होणारे रोग त्यात आहेत. यादीतील अशा कामावर एका मालकाकडे सलग सहा महिने काम केलेले असेल, तर रोग कामामुळेच झाला असे कायदा धरून चालतो. यादीत नसलेला रोग मात्र कामगाराला सिद्ध करावा लागतो. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि घातक रसायनांची माहिती व स्वतःच्या आरोग्याची नोंद पाहण्याचा हक्क कामगाराला मिळाला. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉसच्या खटल्यात सांगितले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या कामगार संहितांमध्ये सामावले गेले आहेत. भरपाईचे तत्त्व कायम आहे. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. वय ३० असेल तर गुणक २०७.९८. वेतन १२,००० रुपये धरल्यास ७,२०० गुणिले २०७.९८, म्हणजे १४,९७,४५६ रुपये होतात. अपंगत्व अंशतः असेल तर त्या प्रमाणात.

कारखान्याला राज्य विमा योजना, म्हणजे ईएसआय, लागू असेल तर दावा मालकाऐवजी त्या योजनेकडे करायचा असतो. या योजनेची पायाभरणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४२ ते १९४६ या काळात झाली, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

दावा पुण्यातच किंवा मुंबईतच करायला हवा, असे नाही. कामगार जेथे कायम राहतो त्या भागातही तो करता येतो. म्हणजे आपल्या माणसाला नांदेडला अर्ज देता येतो. औद्योगिक कामगार, स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. मात्र दाव्याला मुदत असते, दिरंगाई करू नये.

काय जपावे?

व्हाउचरशिवाय नोंद होत नाही, हा बँकेचा नियम येथेही लागू आहे. नियुक्तीपत्र मागून घ्या. दहा किंवा अधिक कामगार असतील तेथे ते देणे मालकावर बंधनकारक आहे. पगार बँक खात्यात घ्या, कारण पासबुकातील दरमहाची नोंद हा नोकरीचा पुरावा ठरतो. ईएसआयचा क्रमांक लिहून ठेवा. रसायनाच्या डब्यावरील नाव वहीत उतरवा, शक्य झाल्यास फोटो घ्या. दवाखान्यात गेल्यावर "मी अमुक रसायनावर इतकी वर्षे काम करतो" असे डॉक्टरांना स्वतःहून सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. सोबतच्या दोघा-तिघांचे पत्ते जवळ ठेवा. तक्रार औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते.

त्या तरुणाने ते काम सोडले. दीड वर्षाने बोटांत थोडी ताकद आली. आता तो सावकाश का होईना, सही करतो. भरपाई मात्र त्याला एक रुपयाही मिळाली नाही.

संस्थेच्या कार्यालयात एक वही ठेवावी आणि बाहेरगावी कामाला जाणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, कारखाना, काम व रुजू झाल्याची तारीख त्यात लिहावी, अशी आमची पदाधिकाऱ्यांना नम्र सूचना आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सुटीत हे काम अंगावर घेतले, तर पुढे एखाद्या कुटुंबाला त्या वहीतील एका ओळीचाच आधार होईल.