स्मिअर नॉर्मल, तरी अंगावरून पाणी

अंगावरून महिनोन्‌महिने पाण्यासारखा स्राव जातो. पॅप स्मिअर नॉर्मल, एचपीव्हीची चाचणीही निगेटिव्ह. बहुतेक बायकांच्या बाबतीत यामागे घाबरण्यासारखं काही नसतं. पण गर्भाशयमुखाचा एक दुर्मीळ कर्करोग नेमका असाच लपून येतो : गॅस्ट्रिक टाइप ॲडिनोकार्सिनोमा. त्याच्या पेशी जठरातल्या ग्रंथींसारखा द्रव तयार करतात, म्हणून हे नाव. एचपीव्हीशी त्याचं नातं नाही, त्यामुळे ती चाचणी त्याला पकडत नाही. शिवाय तो मुखाच्या वरच्या भागात, भिंतीत खोल वाढतो. स्मिअरचा ब्रश तिथवर जात नाही आणि गेलाच, तरी काही वेळा पेशी अगदी साळसूद दिसतात. अशा वेळी एमआरआयचा उपयोग होतो.

या यंत्रात क्ष-किरण नसतात. १.५ टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट ताकदीचं असतं. त्याच्या प्रभावाखाली शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांपैकी किंचित जास्त केंद्रं एका दिशेला झुकतात. सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींनी त्यांना ढकललं, की पूर्वस्थितीला येताना ती क्षीण संकेत सोडतात, आणि त्यांवरून संगणक चित्र रचतो. प्रत्येक ऊतीचा पूर्ववत होण्याचा वेग वेगळा असल्यामुळे चित्रात फरक उमटतो. टी-२ पद्धतीच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं. निरोगी गर्भाशयमुखात मधोमध उजळ अस्तर आणि त्याभोवती तंतुमय भिंतीचं गडद कडं असतं. सगळं निदान या कड्याभोवती फिरतं.

म्हणून चित्राचे काप कसे घेतले, याला फार महत्त्व. गर्भाशयमुख शरीरात तिरपं बसलेलं असतं. काप त्याच्या नळीला काटकोनात घेतले नाहीत, तर कडं तुटलेलं नसताना तुटल्यासारखं भासतं. आतड्यांच्या हालचालीने चित्र हलू नये यासाठी काही तास उपाशी ठेवतात, बऱ्याच ठिकाणी आतडी शांत करणारं इंजेक्शनही देतात.

आता सिस्टची गोष्ट. गर्भाशयमुखात द्रवाच्या पिशव्या दिसणं अतिशय सामान्य आहे. नॅबोथियन सिस्ट पातळ भिंतीच्या आणि सहसा पृष्ठभागाजवळ असतात. अहवालात हे नाव वाचून झोप उडवून घ्यायचं कारण नाही. ग्रंथींच्या एका सौम्य वाढीत मध्यभागी बारीक सिस्ट आणि भोवती मोठ्या, अशी फुलासारखी रचना दिसते. गॅस्ट्रिक टाइपमध्ये मात्र सिस्टच्या मधोमध घन भाग असतो आणि तो गडद कड्यात शिरलेला असतो. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट द्रव्य टोचल्यावर हा घन भाग उठून दिसतो. पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणारी डिफ्युजन पद्धत इतर घट्ट गाठींत फार कामाची, पण द्रवाने भरलेल्या या गाठीत ती फसवू शकते. त्यातच ती सौम्य वाढ आणि कर्करोग कधी शेजारी शेजारी नांदतात! त्यामुळे एमआरआय गाठीला नाव देतं, असं म्हणणं मला पटत नाही. कुठून आणि किती खोलवरून तुकडा घ्यायचा, ते एमआरआय सांगतं. नाव ठरतं पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली.

इतर दुर्मीळ गाठींच्याही काही खुणा आहेत. मेलॅनोमा त्यातल्या रंगद्रव्यामुळे टी-१ या दुसऱ्या पद्धतीच्या चित्रात उजळ दिसू शकतो. लिम्फोमा मोठा आणि एकसंध असतो, वरचं अस्तर मात्र शाबूत. स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन गाठ नेहमीच्या कर्करोगापेक्षा चित्रात फारशी वेगळी दिसत नाही. तिथे ती कुठवर पसरली, हे पाहणं महत्त्वाचं. २०१८ पासून फिगो या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या टप्पे ठरवण्याच्या पद्धतीत अशा चित्रांचा आधार अधिकृतपणे घेता येतो.

गॅस्ट्रिक टाइपचा प्यूट्झ-जेगर्स या आनुवंशिक विकाराशी संबंध आहे. त्यात ओठांवर काळसर ठिपके आणि आतड्यात पॉलिप असतात. तसं घरात कुणाला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं. एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं ‘पोटात दुखतं’ न लिहिता पाण्यासारखा स्राव, स्मिअरचा निकाल आणि हा कौटुंबिक इतिहास लिहिला, तर रेडिओलॉजिस्ट आधीच काटकोनातले काप ठरवतो आणि गर्भाशयमुखाच्या वरच्या भागावर नजर ठेवतो.