पोटातला बदली कामगार

मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा बदली कामगार कोण, हे कुणाला सांगावे लागत नसे. कायम माणूस गैरहजर असला की दारावरच्या बदलीला आत घ्यायचे, आणि तो परतला की बदलीने बाहेर पडायचे. आज ज्या यीस्टची हकीकत सांगावयाची आहे, त्याची नोकरी अशाच प्रकारची आहे.

आंरी बूलार हा फ्रेंच शास्त्रज्ञ १९२०च्या सुमारास इंडोचायनात होता. तिथे कॉलऱ्याची साथ चालू असता काही लोक लिची व मँगोस्टीन या फळांच्या साली उकळून पीत. (मँगोस्टीन हे आपल्या कोकमाच्या गोतातले.) त्या फळांवरून बूलारने एक यीस्ट वेगळे काढले, आज ते 'सॅकरोमायसीस बूलार्डी' या नावाने पुड्यांतून विकले जाते. पाव फुगवणाऱ्या यीस्टचाच हा भाऊबंद. पण शरीराची ३७ अंशांची ऊब याला मानवते, आणि जठरातल्या आम्लातूनही ते तग धरून पुढे जाते.

आतड्यात असंख्य जीवाणू कायमचे वस्तीला असतात व उपद्रवी जंतूंना जागा मिळू देत नाहीत. प्रतिजैविक औषधाने त्यांतले पुष्कळ मरतात आणि जुलाब लागतात. यीस्ट हे जीवाणू नव्हे, बुरशीच्या कुळातले. त्यामुळे ते औषध याला लागू पडत नाही. रिकाम्या जागी ते पाळी भरून काढते. काही रोगजंतू त्याच्या कवचाला चिकटून बाहेर पडतात. 'क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल' या जंतूचे एक विष तोडणारा पाचकरसही ते सोडते. आतड्याच्या अस्तरात रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा पहारा असतो. प्राण्यांवरील प्रयोगांत या यीस्टमुळे तिथले 'आयजीए' हे संरक्षक द्रव्य वाढलेले आढळले. पुड्या थांबवल्या की काही दिवसांत ते शरीरातून निघून जाते. हजेरीपटावर त्याचे नाव कधी चढत नाही!

उपयोग किती? २१ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१५च्या पाहणीत, प्रतिजैविक घेणाऱ्यांतील जुलाबाचे प्रमाण सुमारे १९ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले. हा लाभ खरा आहे. पण 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणून धडधाकट माणसाला पुड्या खपवणे हा निव्वळ व्यापार होय. रोजंदारीवरचा माणूस खाडा पडू नये म्हणून साध्या हगवणीलाही प्रतिजैविक गिळतो, आणि मग त्या औषधाच्या जुलाबावर दुसरे औषध घेतो. त्याला आधी मीठ-साखरेचे पाणी हवे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्याच पाण्यावर कॉलऱ्याचे मृत्यू ४ टक्क्यांच्या खाली आणले.

एक धोका मात्र स्पष्ट सांगितला पाहिजे. अत्यवस्थ, प्रतिकारशक्ती खचलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेल्या रोग्याच्या रक्तात हे यीस्ट शिरू शकते. युरोपच्या औषध-नियंत्रकांनी २०१७ साली अशा रोग्यांना ते देण्यास मनाई केली. नळी असलेल्या रोग्याच्या खोलीत पुडी फोडूसुद्धा नये. हाताला लागलेली चिमूटभर पूडही नळीपर्यंत पोहोचते.