‘आमच्यानंतर कोण?’

गर्भारपणाच्या बातमीपाठोपाठ हल्ली घरात एक फाईल येते. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्तलघवीचे तपास, सोनोग्राफीची काळीपांढरी चित्रे एकामागून एक तिच्यात लागत जातात. डोहाळजेवण अजून लांब असते, तिसरा महिना संपत आलेला असतो, आणि एक दिवस त्या फाईलमध्ये असा कागद येतो की सगळे घर त्याच्याभोवती गोळा होते. त्यावर एक गुणोत्तर छापलेले असते. एकास पाच हजार, एकास नऊशे, एकास एकशे ऐंशी. पोटातल्या बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता किती, हे त्या आकड्यातून वाचायचे असते.

माझी सारी नोकरी बँकेत आकड्यांच्या संगतीत गेली. एखाद्या कर्जप्रकरणात एक गुणोत्तर वाईट दिसले म्हणून कोणी प्रकरण फेटाळत नाही; आणखी कागद मागवतो, प्रत्यक्ष पाहणी करतो. घरात मात्र तसे होत नाही. एकास एकशे ऐंशी याचा अर्थ असा, की असा अहवाल आलेल्या एकशे ऐंशी बायकांपैकी एकशे एकोणऐंशी जणींच्या बाळांना हा दोष नसतो. पण ‘हाय रिस्क’ हे दोन शब्द वाचल्यावर तेवढे गणित करायला कोणाचे मन थाऱ्यावर असते? ‘रिपोर्ट खराब आला,’ एवढेच वाक्य फोनवरून गावोगाव जाते.

म्हणून आधी ही चाचणी काय सांगते ते नीट समजून घेऊ. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात आईच्या रक्ताची डबल मार्कर तपासणी करतात आणि सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजतात. त्यात आईचे वय मिळवून जो आकडा निघतो, तो फक्त अंदाज असतो. अलीकडे आईच्या रक्तात मिसळलेले गर्भाच्या वारेचे जनुकीय अंश तपासणारी चाचणीही मिळते. तिचा अंदाज पुष्कळच अचूक असतो, पण तीही शेवटचा शब्द नव्हे. पक्के निदान हवे असेल तर वारेचा अंश किंवा गर्भजल सुईने काढून तपासावे लागते, आणि त्यात गर्भपाताचा धोका थोडा का होईना, असतो.

पक्के निदान म्हणजे तरी काय? १८६६ मध्ये जॉन लँग्डन डाऊन या इंग्रज डॉक्टरने या मुलांचे सविस्तर वर्णन केले. चेहऱ्याच्या ठेवणीवरून त्याने त्यांना ‘मंगोल’ म्हटले, आणि ते अपमानास्पद नाव शंभर वर्षे चिकटून राहिले. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या मुलांच्या पेशींत गुणसूत्रे ४६ ऐवजी ४७ असतात. एकविसाव्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनदा नव्हे, तीनदा असते. पेशी वाढवण्याचे कष्टाचे काम मार्थ गोतिए या डॉक्टरबाईंनी केले होते. हे सारे आईच्या किंवा बापाच्या कुठल्या चुकीमुळे होत नाही. ग्रहण पाहिले, पपई खाल्ली, कोणाची दृष्ट लागली, असल्या गोष्टींशी त्याचा सुतराम संबंध नाही. आईचे वय वाढते तशी शक्यता वाढते: पस्तिशीत साधारण साडेतीनशेत एक, चाळिशीत शंभरात एक.

चाचणी ते जास्तीचे गुणसूत्र पाहू शकते. ते मूल चालायला कधी लागेल, किती बोलेल, शाळेत किती शिकेल, स्वतःचा डबा स्वतः भरेल का, हे कोणत्याही चाचणीला सांगता येत नाही. अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात दोष असतो, पण त्यातले बरेच आता शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. पाश्चात्त्य देशांत १९८० च्या सुमारास या माणसांचे सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आसपास होते. आज ते साठीपर्यंत आले आहे. महेश लिमये यांचा ‘यलो’ हा २०१४ सालचा मराठी चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. डाऊन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळ या जलतरणपटूच्या आयुष्यावरच्या त्या चित्रपटात तिने स्वतःचीच भूमिका केली. प्रत्येक मूल गौरी होणार नाही, हे खरे. पण प्रत्येक मूल म्हणजे आयुष्यभराचा अंधार, हेही खरे नाही. या दोन टोकांमध्ये किती तऱ्हेची आयुष्ये असतात, हे त्या फाईलमधला कुठलाच कागद सांगत नाही.

कायद्याचे म्हणाल, तर तो या बाबतीत आपल्या घरांपेक्षा समंजस आहे. लिंगनिदानाला बंदी करणाऱ्या १९९४ च्या कायद्याने गुणसूत्रांतील दोष शोधण्याची मुभा ठेवली. मात्र अट घातली, की अशा चाचणीचे सर्व परिणाम त्या स्त्रीला समजावून सांगावेत आणि तिची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यावी. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची वा सासऱ्याची सही लागत नाही. २०१७ मध्ये महाराष्ट्रातल्या एका स्त्रीला डाऊन सिंड्रोम असलेला सव्वीस आठवड्यांचा गर्भ पाडण्याची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने नाकारली. तेव्हा कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची होती. २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट परिस्थितीत ती चोवीसवर गेली, आणि गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तर त्यानंतरही परवानगी मिळू शकते.

म्हणजे कागदोपत्री निर्णय तिचा आहे. प्रत्यक्षात काय होते? दिवाणखान्यात नवरा, सासू, माहेरची माणसे, एखादा डॉक्टर झालेला मावसभाऊ बसतो आणि ‘तुझ्याच भल्यासाठी’ निर्णय सांगितला जातो. गर्भ पाडला, तर ‘राहिला नाही’ असे बाहेर सांगतात आणि तिने त्याचे दुःखही करायचे नसते. ठेवला, तर पुढे जन्मभर एक प्रश्न तिची वाट पाहत असतो: ‘आधी कळलं नव्हतं का?’ पूर्वी असे मूल झाले की लोक नशिबाला बोल लावीत. त्यात अज्ञान होते, पण आईला निदान सहानुभूती मिळे. आता चाचणी आली, आणि जे नशीब होते ते तिचा हलगर्जीपणा ठरू लागले.

डेन्मार्कमध्ये २००४ पासून प्रत्येक गर्भवतीला ही चाचणी देऊ करतात. निदान झाल्यावर तिथल्या बहुतेक स्त्रिया गर्भपात निवडतात. २०१९ मध्ये त्या साऱ्या देशात डाऊन सिंड्रोमची अवघी अठरा मुले जन्मली. त्या देशात अशा माणसांची काळजी सरकार घेते, तरीही हे घडते. मग जिथे सारा भार घरावर पडतो, तिथल्या बाईला भित्री म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

भीती असते ती मुख्यतः एकाच गोष्टीची. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना, एक निवृत्त शिक्षक मुदत ठेवीची पावती घेऊन आले. बरोबर त्यांची अठ्ठावीस वर्षांची मुलगी होती. डाऊन सिंड्रोम. आमच्या शिपायाला ती दर वेळी नावाने हाक मारी आणि त्याच्या मुलांची चौकशी करी. तिला बाकावर बसवून गुरुजी माझ्याकडे वाकून म्हणाले, ‘‘साहेब, माझ्यानंतर पैसे कोणाला मिळतील, ते नॉमिनेशनमध्ये लिहिलंय. पण ते तिच्यासाठी कोण खर्च करील, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?’’

तसा रकाना बँकेच्या फॉर्मवर नव्हता. मात्र १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती अशा सज्ञान व्यक्तीसाठी पालक नेमून देते, आणि त्या दाखल्यावर बँकेत खाते उघडता येते, हे मी त्यांना सांगितले. गुरुजींनी ते कधी ऐकलेही नव्हते. दिव्यांग अपत्याला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकते, हेही अनेक सरकारी नोकरांना ठाऊक नसते. याच न्यासाची एक लाख रुपयांपर्यंतची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे. डोंबिवलीजवळ खोणी गावात अमेय पालक संघटनेने ‘घरकुल’ उभे केले, ते याच एका प्रश्नाला उत्तर म्हणून. पालकांनीच एकत्र येऊन उभारलेले ते घर. अशी घरे किती आहेत, आणि गरज किती आहे, याचा हिशेब मांडायला बँकेतला अनुभव लागत नाही.

गर्भातले गुणसूत्र मोजणारे यंत्र आपल्या हाताशी आले, पण त्या आकड्यानंतर दोन तास शांतपणे बोलणारा समुपदेशक क्वचितच भेटतो. अशा मुलाचे आईवडील गर्भवतीला भेटवावेत, त्यांचे बरेवाईट दोन्ही तिला ऐकू द्यावे, हे किती ठिकाणी होते? डॉक्टरांनी आजाराची यादी सांगायची आणि नातेवाइकांनी खर्चाची. मग त्यावर तिने ‘स्वतःचा’ निर्णय घ्यायचा. याला निवड म्हणता येईल का?

साठी उलटलेल्या पुरुषाने एखाद्या तरुण मुलीला ‘ठेव’ किंवा ‘ठेवू नको’ सांगू नये, एवढे मला कळते. तिचे शरीर, तिचे आयुष्य, तिचा निर्णय. आपल्या हाती दोनच गोष्टी आहेत. निर्णयाआधी तिला पूर्ण माहिती आणि निवांतपणा मिळेल हे पाहणे, आणि निर्णयानंतर, तो कुठलाही असो, तिला जाब न विचारणे. तिसरी गोष्ट आपल्या सगळ्यांची मिळून आहे. ‘आमच्यानंतर कोण?’ या प्रश्नाला गावात, सोसायटीत, नात्यात एखादे तरी नाव सांगता आले पाहिजे. ते सांगता येईल त्या दिवशी फाईलमधल्या त्या कागदाची भीती थोडी कमी होईल, आणि तिचा निर्णय तिकडे झुको वा इकडे, तो भीतीपोटी घेतलेला नसेल.