दात मोजा, पदर उलटा, मग पैसे काढा

सांगोल्याच्या रविवारच्या जनावर बाजारात बैलाचा जन्मदाखला कुणी मागत नाही. गिऱ्हाईक सरळ त्याचा खालचा ओठ ओढून दात बघतं. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, असतात ते खालचे आठ. दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीने येतात. एकही पक्का दात नसेल तर आदत, दोन आले की दुसा, चार आले की चौसा आणि आठही आले की जुळलेला. दुसा साधारण दोन-अडीच वर्षांचा, चार-पाच वर्षांत दात जुळतात. पुढचं वय झिजेवरून ओळखायचं. मालक काहीही सांगो, दात खोटं बोलत नाहीत.

भाव मात्र रुमालाखाली ठरायचा! दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाआड एकमेकांची बोटं दाबत आणि शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळत नसे. नवख्याने या भानगडीत पडू नये. भाव तोंडाने आणि चारचौघांत बोलून घ्यावा, मगच विसार द्यावा.

म्हैस घेताना टच्च भरलेल्या कासेवर भाळू नका. आदल्या वेळची धार चुकवली की कास तशी दिसते. सकाळ-संध्याकाळ लागोपाठच्या धारा समोर काढायला लावा. पहिली धार हिशेबात धरू नका आणि चारही सड स्वतः पिळून बघा.

पैठणी घेताना पदर उलटा करा. येवल्याच्या हातमागावर विणलेल्या पदरावरचा मोर मागूनही पुढच्यासारखाच नेटका दिसतो. मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती यंत्रमागाची. तीही घ्या, पण यंत्रमागाच्या भावात.

सोन्यावर 916 कोरलंय म्हणजे ते 91.6 टक्के शुद्ध, अर्थात 22 कॅरेट. एवढ्यावर थांबू नका. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्क दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो. तो दुकानातच 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून बघा. खड्यांचं वजन बिलात वेगळं लिहून घ्या, नाहीतर खडाही सोन्याच्या भावाने गळ्यात पडतो.

आता जुनी गाडी. टायरच्या बाजूला कोड असतो, त्याच्या शेवटच्या चार अंकांत टायरची जन्मतारीख असते. 3521 म्हणजे 2021 सालचा 35वा आठवडा. गाडी 2021 ची, किलोमीटर जेमतेम पंधरा हजार आणि चारही टायर 2024 चे? मग मीटरवर विश्वास ठेवू नका. पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का तेही बघा. एकाच काचेवर वेगळ्या कंपनीचा शिक्का असेल तर ती काच कधी आणि का बदलली, ते विचारा.

घरच्या सिलिंडरलाही तारीख असते. वरच्या पट्टीवर 'सी-27' लिहिलं असेल तर त्याची पुढची तपासणी 2027 च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये. तारीख उलटून गेलेला सिलिंडर दारातूनच परत पाठवा. आणि पाकिटावरची एमआरपी ही कमाल किंमत, तिच्याहून कमी मागायला कुणाचीही बंदी नाही.

जुना फोन घेताना *#06# दाबा. आलेला आयएमईआय 'संचार साथी'वर तपासला की फोन ब्लॉक केलेला आहे का ते कळतं. विकणारे असाल तर आधी आपल्या खात्यातून बाहेर पडा, मग फोन रिकामा करा. आणि गिऱ्हाईक म्हणालं, "पैसे पाठवलेत, कोड स्कॅन करून पिन टाका", तर व्यवहार तिथेच तोडा. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही.

सगळ्यात महाग पडते ती विकून विसरलेली गाडी. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलं की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी मधल्या काळात किती हातांतून गेली, याला अर्थ नाही. म्हणून फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय किल्ली देऊ नका आणि विक्रीची खबर 14 दिवसांत आरटीओला द्या. गेल्या काही वर्षांत स्कूटर किंवा गाडी विकली असेल, तर तिचा नंबर आजच परिवहन ॲपवर टाका. नाव अजून तुमचंच दिसलं, तर उद्या सकाळी त्या गिऱ्हाइकाला फोन करा.