कॅसल रॉकच्या रानातलं रेडिओ केंद्र

बेळगावहून रेल्वेनं गोव्याला निघालं की लोंढा, तिनईघाट आणि मग कॅसल रॉक. घाट उतरण्याआधी गाडी इथं थोडी जास्तच थांबते. या सुट्टीत नातवाला फलाटावर उतरवलं आणि पलीकडचं रान दाखवून म्हटलं, ''इथून रेडिओ चालायचा बरं का!'' त्यानं इकडंतिकडं पाहिलं. ''अज्जी, इल्ली येन ऐती?''

खरंच, पाहण्यासारखं काही नाही. केंद्र होतं चक्क एका ट्रकवर! १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली मुक्त झाली, तेव्हा पळालेल्या पोर्तुगीजांचे दोन बिनतारी संच हाती लागले. त्यांतूनच प्रक्षेपक तयार झाला. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी 'व्हॉइस ऑफ फ्रीडम' सुरू झालं, आधी आंबोलीच्या जंगलातून, पुढं कॅसल रॉकहून. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो पोर्तुगीज व कोंकणीतून बोलत. सहा वर्षं जंगलात! इथला पाऊस कसा असतो, हे खानापूर-जोयडाकडच्यांना सांगायला नको.

गोव्यात तेव्हा वर्तमानपत्रांवर सेन्सॉरची कात्री. माझ्या सासूबाई मडगावच्या. आधी खिडक्या लावायच्या, मग रेडिओ अगदी बारीक आवाजात, आणि घरातलं एक पोर दारात राखणीला. ते पोर म्हणजे त्या स्वतः. लग्न होऊन बेळगावला आल्यावर माहेरी जाताना दर खेपेला त्या इथं खिडकीला नाक लावून बसत. आवाज ऐकलेला, जागा काही सापडली नाही.

डिसेंबर १९६१ मध्ये गव्हर्नर जनरलला शरणागतीचा निरोप याच केंद्रावरून गेला. तो मानला गेला नाही. १८ तारखेला आपल्या सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचं पोर्तुगीज बिनतारी केंद्र फोडलं. १९ ला गोवा मुक्त झाला, आणि याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी गावोगावी ऐकवली. पुढं ती पतिपत्नी झाली. लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली २०२५ मध्ये, शंभराव्या वर्षी. फार उशीर झाला, असं मला वाटतं.

गाडी हलली. पहिला बोगदा लागला तसा नातू मोबाईल हलवत म्हणाला, ''अज्जी, नेटवर्क होतु!''