खड्याचं नाव सांगा

जळगावच्या सराफ बाजारात दागिना घ्यायला आलेली बाई भावाकडे नंतर वळते. आधी ती तो डाग तळहातावर घेऊन जोखते, उलटा करून मागची बाजू पाहते, फासा दोनदा लावून-काढून बघते. मग प्रश्न सुरू होतात. मजुरी किती? मोडीला आणला तर घट किती धरणार? आणि दागिन्यात खडे असतील तर तिसरा प्रश्न हमखास येतो : खड्यांचं वजन सोन्यात तर धरलं नाही ना? आईनं, सासूनं विचारलेला हा प्रश्न तिनं लहानपणापासून ऐकलेला असतो. १८५४पासून चालत आलेली राजमल लखीचंद यांची पेढी, १९७४मध्ये रतनलाल बाफना यांनी सुरू केलेलं दुकान आणि भोवतालची असंख्य लहानमोठी सराफी दुकानं, यांच्या जोरावर जळगावला सुवर्णनगरी हे नाव मिळालं. कपाशी विकली, केळीचे पैसे हातात आले की गाडी जळगावकडे वळते, हा खान्देशातला रिवाज आहे. या बाजारानं तीन-चार पिढ्यांच्या बायकांना दागिना पारखायला शिकवलं.

म्हणूनच टीव्हीवरून विकल्या जाणाऱ्या नकली रत्नांच्या दागिन्यांबद्दल याच बायका काय म्हणतात, ते लक्ष देऊन ऐकावं असं मला वाटतं. त्यांची गणना सहसा भोळ्या गिऱ्हाइकांत केली जाते. मला ते मुळीच मान्य नाही.

घरबसल्या खरेदीचं हे वेड आपल्याकडे १९९०च्या दशकात आलं. टेलिब्रँड्स, एशियन स्काय शॉप यांच्या जाहिराती रात्री उशिरा आणि सकाळी लागायच्या. पोट कमी करणारे पट्टे आणि भाज्या चिरायची यंत्रं हा त्यांचा मुख्य माल. पुढे २००८मध्ये होमशॉप१८ ही चोवीस तास खरेदीची वाहिनी आली, नापतोल आलं आणि दागिन्यांचे सेट रोज दिसू लागले. हार, झुमके, अंगठी, बांगड्या, वर एक सेट मोफत. कोपऱ्यात उलटं मोजणारं घड्याळ आणि ‘फक्त एवढेच नग शिल्लक’ अशी पट्टी. दुपारची जेवणं आटोपून आडवं होण्याआधीची वेळ त्यांनी बरोबर हेरली होती.

ही खरेदी होते कशासाठी, याचं उत्तर बायका अगदी सरळ देतात. २०२५मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव एक लाखाच्या पुढे गेला. लग्नसराईत एसटीनं चाळीसगाव, शिरपूर, अमळनेर करायचं तर गळ्यात खरं सोनं घालून जायची छाती होत नाही. मंगळसूत्र हिसकावल्याची बातमी दर आठवड्याला वाचायला मिळते. खरं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये आणि लग्नाला बेंटेक्स, ही वाटणी आता घरोघरी झालेली आहे. शिवाय साडीच्या रंगाला जुळणारे हिरवे, लाल, निळे खडे सोन्यात घडवून घ्यायला कुणाला परवडणार? तेव्हा खोटे दागिने घालण्यात कमीपणा वाटावा अशी स्थिती राहिलेली नाही. धुळ्याच्या आग्रा रोडवर आणि जळगावच्या फुले मार्केटात असे दागिने उघडपणे ‘बेंटेक्स’, ‘फॉर्मिंग’, ‘वन ग्रॅम’ अशा नावांनी मागितले जातात. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांनाही माल खोटा आहे हे ठाऊक असतं आणि तसं ठरवूनच सौदा होतो.

टीव्हीच्या मालाबद्दलची तक्रार इथूनच वेगळी होते.

धुळ्याला देवपुरात एका घरी असं पार्सल उघडलं तेव्हा मी तिथे होते. मखमली डबीत हिरव्या खड्यांचा हार होता. पडद्यावर तो ‘पन्ना’ म्हणून दाखवला गेला होता. घरातल्या थोरल्या जाऊबाईंनी तो उचलला, दाराशी उजेडात नेला आणि उलटा केला. नखीत बसवलेले खडे फार थोडे होते. बाकीचे पितळी वाटीत डिंकासारख्या कशानं तरी चिकटवलेले. दोन खड्यांच्या कडेनं तो चिकटा बाहेर आला होता. त्यांनी नखानं एक खडा हलवून पाहिला, हार तळहातावर जोखला आणि एवढंच म्हणाल्या, ‘टीव्हीवर दिसस तसं ऱ्हास नही.’ ज्या सुनेनं तो मागवला होता ती मात्र चिडली होती ती दुसऱ्याच गोष्टीवर. डबीत पावती होती, पत्रक होतं, पण खडा कसला आहे हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. काच असेल तर काच म्हणा, मी तरीही घेतला असता, असं तिचं म्हणणं. हार परत पाठवला नाही. पुढच्याच महिन्यात एका हळदीला तो घातला गेला आणि छान दिसला.

असं बोलणं मी पुढे जळगाव-धुळ्यात वारंवार ऐकलं. माल नकली निघाला म्हणून रडणारी बाई क्वचित भेटते. वजन सांगितलं नाही, धातू सांगितला नाही, खड्याचं नाव सांगितलं नाही, पैसे दिल्याशिवाय डबी उघडू दिली नाही, परत करायचं म्हटलं तर फोन लागत नाही, अशा या तक्रारी आहेत. नीट पाहिलं तर सराफाच्या गादीवर विचारले जाणारे तेच प्रश्न हे.

पडद्यावरचा खडा इतका का चमकतो, याला कारण आहे. स्टुडिओत दागिना फिरत्या बैठकीवर ठेवतात आणि वरून लहान-लहान प्रखर दिव्यांचे झोत सोडतात. खडा फिरतो तसा प्रत्येक पैलूतून वेगळा झोत परततो आणि रंगांच्या ठिणग्या उडतात. आपण ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतो ते असतं क्युबिक झिरकोनिया, आणि प्रकाश रंगांत फोडण्याची त्याची ताकद खऱ्या हिऱ्यापेक्षाही जास्त आहे. म्हणून झोताखाली तो हिऱ्याहून भडक दिसतो. घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड सगळीकडे सारखा पसरलेला असतो. त्यात त्या ठिणग्या पडत नाहीत. काचेच्या खड्याचं तर आणखी अवघड. त्याच्या पाठीला चंदेरी मुलामा दिलेला असतो, चमक त्या मुलाम्याची असते. पाणी किंवा घाम आत शिरला की मुलामा काळवंडतो आणि खडा आंधळा होतो.

खान्देशात हे लवकर घडतं, आणि तेही सकारण. काचेचा कठीणपणा खनिजांच्या दहा अंकी मोजपट्टीवर साडेपाचच्या आसपास असतो. आपल्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात, त्यांचा कठीणपणा सात. धुळीचा खडा पदरानं पुसला की प्रत्येक पुसण्यात सूक्ष्म ओरखडे उठतात. क्युबिक झिरकोनियाचा कठीणपणा आठ ते साडेआठ, म्हणून तो जास्त टिकतो. सोनेरी मुलामा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असू शकतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला, मानेला घामाच्या धारा लागल्या की तो मुलामा उतरतो आणि मानेवर हिरवट पट्टा उमटतो. हे खालच्या तांब्या-पितळेचं काम. त्याहून त्रासाचं निकेल. मुलाम्याखाली पुष्कळदा निकेलचा थर असतो आणि काही जणींना त्याची ॲलर्जी असते : कानाच्या पाळ्या सुजतात, खाज सुटते, पाणी येतं. युरोपात कातडीला सतत लागणाऱ्या वस्तूंतून किती निकेल सुटू द्यायचं याला कायद्यानं मर्यादा घातलेली आहे. आपल्याकडच्या टीव्ही-विक्रीत ‘निकेल आहे की नाही’ हा शब्दही उच्चारला जात नाही आणि मला ही या धंद्यातली सर्वांत मोठी चूक वाटते. रंग उडाला तर पैसे गेले. कान पिकला तर मुलीला महिनाभर त्रास.

नकली रत्नांचा इतिहास मात्र कमीपणाचा नाही. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये स्ट्रास या जवाहिऱ्यानं शिसं घातलेल्या काचेचे असे खडे केले की दरबारी स्त्रिया ते उघडपणे घालत. १९०२मध्ये ऑग्युस्त व्हर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ज्योतीत भुकटी वितळवून माणिक तयार करायची रीत प्रसिद्ध केली. ते माणिक रासायनिकदृष्ट्या खाणीतल्यासारखंच असतं. त्याला नकली न म्हणता कृत्रिम म्हणायला हवं. हा फरक गिऱ्हाइकाला सांगितलाच पाहिजे : कृत्रिम माणिक हे माणिकच असतं, फक्त कारखान्यात झालेलं, आणि लाल काच ही काचच. अमेरिकन डायमंडचं तंत्र तर १९७०च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी मॉस्कोच्या लेबेडेव्ह संस्थेत पक्कं केलं. झिरकोनिया वितळायला २,७०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. ते पेलणारं भांडं मिळेना, म्हणून त्या पदार्थाच्याच थंड राहिलेल्या कवचात तो वितळवण्याची युक्ती त्यांनी वापरली.

टीव्हीवर हे खडे विकण्याची पद्धत अमेरिकेतली. १९८६मध्ये सुरू झालेल्या क्यूव्हीसी वाहिनीनं क्युबिक झिरकोनियाचे दागिने ‘डायमोनिक’ या स्वतःच्या नावानं विकले आणि ते नाव तिथल्या घराघरांत पोचलं. खडा कसला हे लपवण्याची गरज त्यांना पडली नाही. आपल्या जयपूरची वैभव ग्लोबल ही कंपनी अमेरिकेत ‘शॉप एलसी’ आणि ब्रिटनमध्ये ‘टीजेसी’ या वाहिन्यांवरून रत्नांचे दागिने विकते. तिकडच्या गिऱ्हाइकाला खड्याचं नाव, धातू आणि परतीची मुदत सांगून माल विकता येतो, तर चोपड्याच्या आणि साक्रीच्या गिऱ्हाइकाला ते सांगायला काय अडचण आहे?

‘वन ग्रॅम गोल्ड’ या नावानंही असाच घोळ होतो. दागिन्यात एक ग्रॅम सोनं आहे अशी समजूत होते. प्रत्यक्षात त्यावर सोन्याचा नुसता मुलामा असतो. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही, हा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. पण हॉलमार्क धातूची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल तो काहीच बोलत नाही. नकली दागिन्याला तर तोही नाही. तिथे विक्रेत्याचा शब्द एवढाच आधार.

आणि हा शब्द सर्वांत जास्त बिघडतो तो राशिरत्नांत. नीलम घातला की साडेसाती टळेल, पुष्कराजानं लग्न जमेल, असं सांगून रंगीत काच विकली जाते तेव्हा अडचणीत सापडलेल्या घराचा पैसा जातो. याबाबत खान्देशाला थेट लागू असलेला एक निकाल पुष्कळांना ठाऊक नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं (जळगाव, धुळे, नंदुरबार याच खंडपीठाखाली येतात) जानेवारी २०२१मध्ये एका शिक्षकानं उभ्या केलेल्या प्रकरणात निर्णय दिला. विषय होता टीव्हीवर विकल्या जाणाऱ्या ‘हनुमान चालिसा यंत्रा’चा. यंत्र म्हणून किंवा दुसऱ्या कोणत्याही नावानं, वस्तूत चमत्कारी, अलौकिक शक्ती असल्याचा दावा करून ती विकणं आणि तशी जाहिरात करणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहे, असं न्यायालयानं म्हटलं. जाहिरात दाखवणाऱ्या वाहिन्यांनाही त्यात मोकळं सोडलं नाही. भाग्य बदलणारा खडा विकणाऱ्यांनी हा निकाल वाचायला हवा. घेणाऱ्यांनी तर हवाच हवा.

फसगत झाली तर पुढे काय, हेही सांगते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२०पासून लागू झाला आणि त्यानं दूरच्या विक्रेत्याविरुद्ध भांडणाऱ्यांची मोठी सोय केली. कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, गिऱ्हाईक जिथे राहतं किंवा काम करतं तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करावा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. मात्र हातात पुरावा हवा. जाहिरात चालू असताना पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून ठेवावा, त्यात खड्याचं नाव आणि किंमत दिसली पाहिजे. पार्सल उघडताना व्हिडिओ घ्यावा. पावती फेकू नये. सातशे-आठशे रुपयांसाठी कोण कोर्टात जातं, असं म्हणून बहुतेक जणी गप्प बसतात आणि विक्रेत्याचा हिशेब नेमका त्यावरच चालतो, याचा मला मनापासून संताप येतो.

खान्देशातल्या बायका मात्र गप्प बसून राहिलेल्या नाहीत. श्रावणात कानबाई बसवतात तेव्हा देवीला नथ, हार घालून सजवतात. त्या वेळी भावकीतल्या बायका एकत्र जमतात आणि दागिने या हातातून त्या हातात फिरतात. कुणी काय मागवलं, किती दिवस टिकलं, परत घेतलं का, याची चौकशी तिथे होते. काही गल्ल्यांत तर पद्धतच पडली आहे : पार्सल एकीनंच मागवायचं. तो सेट पंधरा दिवस रोज घरकामात वापरायचा, एकदा पाण्यात बुडवायचा, एकदा रात्रभर अत्तर लावून ठेवायचा. रंग टिकला, कान सुजला नाही, तर बाकीच्या जणी मागवतात. आता हीच विक्री टीव्हीवरून मोबाइलच्या लाइव्ह व्हिडिओंवर सरकते आहे. तिथे लिहून विचारता येतं, आणि या बायका विचारतातही : ताई, खडा उलटा करून दाखवा, मागून कसा बसवलाय? दाखवला नाही तर त्या पुढच्या दुकानावर जातात.