बिडीचा धूर आणि टीबीचा जंतू

"सिगारेटनं कॅन्सर होतो, टीबीशी तिचा काय संबंध? टीबी तर जंतूमुळे होतो." हे अर्धंच खरं आहे. जंतू लागतोच, रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये तो दाखवून दिला. पण जंतू छातीत गेलेले बहुतेक लोक आजारी पडत नाहीत; शरीर त्याला वर्षानुवर्षं दाबून ठेवतं. धूर नेमकी हीच ताकद खच्ची करतो.

श्वासनलिकेतले सूक्ष्म केस कफात अडकलेले जंतू वर घशाकडे ढकलत असतात. धुरानं ते लुळे पडतात. तिथून निसटलेल्या जंतूला गिळायला फुप्फुसाच्या वायुकोशांत भक्षक पेशी असतात. धूम्रपान करणाऱ्यांत या पेशी उलट जास्तच सापडतात, पण त्यावरून संरक्षण वाढलं असं समजू नये. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पोटात धुराचे तपकिरी कण ठासून भरलेले दिसतात. ते त्यांना पचत नाहीत. अशा पेशी टीबीच्या जंतूकडे नीट सरकतच नाहीत, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळलं. इतर पेशींना मदतीला बोलावणारी रसायनंही त्या कमी सोडतात.

"आमची बिडी साधी, पानाची." तमिळनाडूतल्या पुरुषांच्या मृत्यूंचा मोठा अभ्यास २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. शहरात सिगारेट आणि खेड्यात मुख्यतः बिडी ओढली जात होती. दोन्हीकडे ओढणाऱ्यांमध्ये टीबीनं मरण्याचं प्रमाण चौपटीहून जास्त निघालं. भारतातल्या पुरुषांच्या टीबीमृत्यूंपैकी निम्म्यांमागे धूम्रपान आहे, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता.

मला सगळ्यात घातक वाटतो तो "हा बिडीचाच खोकला" हा समज. त्यापायी माणूस महिनोन् महिने खोकत राहतो आणि घरातल्यांनाही लागण होते. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर बिडी ओढत असलात तरी बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

गोळ्या सुरू असताना "एखादी चालते" हेही खरं नाही. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत उपचार फसण्याचा आणि बरा झालेला टीबी उलटण्याचा धोका जास्त असतो. "आता सोडून काय उपयोग?" असं विचारणाऱ्यांनी मात्र हे जरूर लक्षात घ्यावं: भक्षक पेशी कायमच्या नसतात, जुन्या मरतात आणि नव्या येतात. धूम्रपान सोडलेल्यांत टीबीनं मरण्याचा धोका कमी होतो. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे.